स्वामीजींच्या वाटेवरून

नांदूरघाट

अण्णा,

केजहून एसटीने इथे सुखरूप पोचलो. दसरा होऊन गेल्यामुळे ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या आहेत. सकाळी एका घरापुढे ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत कोपीसाठी बांबू, ताडपत्री, पाण्याचं टिपाड, बाजरीचं पोतं आणि पोत्याला बांधलेली शेळी. दोन्ही नातवंडं म्हातारीपाशी राहिली. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणजे थांबायची सोय नाही. ट्रॉली हलली तेव्हा धाकटं पोर मागे धावलं. मला बघवेना.

आपल्या बीड जिल्ह्यातून माणसं बाहेर जातात, हेच आपण बघत आलो. ज्यांच्याकडे उतरलोय ते निवृत्त गुरुजी मात्र रात्री बाहेरून इकडे आलेल्या माणसाबद्दल भरभरून बोलत होते. गुरुजींचे वडील अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या हाताखाली शिकले. नाव घेताना गुरुजी सावरून बसले. उद्या अंबाजोगाईला निघतो.

अंबाजोगाई

अण्णा, योगेश्वरीचं दर्शन झालं, मुकुंदराजांच्या समाधीलाही जाऊन आलो. पण मन स्वामीजींच्या शाळेतच राहिलं.

व्यंकटेश भगवान खेडगीकर हे त्यांचं पूर्वाश्रमीचं नाव. जन्म 3 ऑक्टोबर 1903, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. 1920 साली टिळक गेले, तेव्हा सतरा वर्षांच्याही आत असलेल्या या मुलाने लग्न न करता देशकार्य करायचं ठरवलं. पुढे ना. म. जोशींबरोबर कामगार चळवळीत काम केलं, तिथे प्रकृती ढासळली. आणि 1929 साली ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक म्हणून आले. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून. अशा वेळी आडवळणाच्या एका खेड्यात मराठीतून शिकवणारी शाळा चालवणं म्हणजे सरकारचा रोष ओढवून घेणंच. संन्यास त्यांनी तिथे असतानाच घेतला, पण अरण्यात गेले नाहीत. भगवी वस्त्रं घालून वर्गावर गेले. माझ्या मते त्यांचं मोठेपण इथेच आहे.

1935 मध्ये ते अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, योगेश्वरी विद्यालयात आले. बाबासाहेब परांजप्यांसारखे सहकारी सोबत होते. 1938 साली शाळा सोडून हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि मग तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या.

त्यांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय इथे आहे. केज, धारूर, परळीकडचा पेशंट अडला की लोक म्हणतात, "स्वारातीला न्या." फाटकाबाहेर भाकरी सोडून बसलेल्या नातेवाइकांत मी बराच वेळ बसलो होतो. गरिबाच्या उपयोगी पडणारं याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

हैदराबाद

अण्णा, बेगमपेठेत स्वामीजींच्या समाधीचं दर्शन घेतलं.

15 ऑगस्ट 1947 ला देशभर तिरंगा फडकत होता, तेव्हा याच शहरात तो फडकवल्याबद्दल स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबर 1947 अखेर सुटले, पण जानेवारी 1948 मध्ये पुन्हा पकडले गेले. कायमचे सुटले ते 17 सप्टेंबर 1948 नंतरच, पोलीस अ‍ॅक्शनने हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर. एवढा लढा चालवल्यावर अखंड हैदराबाद राज्याचं पुढारीपण त्यांना सहज मिळालं असतं. पण भाषेप्रमाणे या राज्याचे तुकडे करून ते शेजारच्या प्रांतांना जोडावेत, हाच आग्रह त्यांनी धरला. 1956 साली तसंच झालं आणि मराठवाडा मराठी मुलखाला मिळाला. आपल्या पायाखालची सत्तेची जमीन स्वतःच्या हाताने वाटून टाकणारा दुसरा नेता मला माहीत नाही. 1952 मध्ये गुलबर्ग्यातून आणि 1957 मध्ये औरंगाबादेतून ते लोकसभेवर गेले. मंत्रिपद मात्र घेतलं नाही.

22 जानेवारी 1972 ला याच शहरात त्यांनी देह ठेवला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरू मानत. स्मारक समितीचं काम त्यांनी पुढे अनेक वर्षं पाहिलं.

तुम्ही दर 17 सप्टेंबरला शाळेत झेंड्यापुढे बोलता. पोलीस अ‍ॅक्शन आणि रझाकार मुलांना पाठ झाले आहेत. पुढच्या वर्षी त्यांना हिप्परग्याची शाळा सांगा, आणि ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं वर्गात असतील तर त्यांना पुढे बसवा.

आपला,
नानू