ढगावर भरवसा

ढग म्हटलं की आमच्या जालन्याचा माणूस आधी वर बघतो आणि मग गप्प बसतो. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. टँकरमागे कळशा घेऊन धावणारी गल्ली, जागेवर वाळलेल्या मोसंबीच्या बागा आणि आभाळात नुसते येऊन जाणारे ढग! अशा गावच्या व्यापाऱ्याला "तुमचा सगळा हिशोब आता क्लाउडवर ठेवा" असं सांगायचं म्हणजे हिंमत लागते. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती हिंमत मी केली. त्यातून जे कळलं ते डीबीएमएसच्या पेपरात कधी आलं नव्हतं, म्हणून हा लेखनप्रपंच.

काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. मोंढ्यात मुख्य दुकान, अंबडला आणि भोकरदनला एकेक शाखा. जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली आणि तेव्हापासून हे गाव बियाण्याचं गाव म्हणून ओळखलं जातं. काकांच्या दुकानातही खरा माल बियाण्याचाच. त्याच्या जोडीला खतं आणि औषधं. पण दुकानाची खरी पुंजी कपाटात नाही, ती उधारीच्या यादीत आहे. शेतकरी जूनमध्ये बी नेतो आणि कापूस, सोयाबीन घरात आल्यावर पैसे देतो. कोणाकडे किती बाकी, हे हरवलं तर दुकान संपलं.

दोन वर्षांपूर्वी तसं होता होता राहिलं. लाइट जाऊन-येऊन दुकानातल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क बसली. मुनीमजींची लाल वही होती म्हणून वाचलो. तीस वर्षांपासून ते रोज संध्याकाळी वही लिहितात, कॉम्प्युटर आला तरी त्यांनी ती सोडली नाही. त्या वहीवरून महिनाभर बसून सगळं पुन्हा टाइप केलं. त्यानंतर एक एजंट आला आणि तीन वर्षांच्या कराराचं भलंमोठं कोटेशन ठेवून गेला. काकांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. "तू इंजिनिअर होऊ राहिला ना? मग सांग, हे खरं का खोटं."

मी तीन मोठ्या दुकानांची तुलना करायला बसलो. ॲमेझॉनने २००६ साली मार्चमध्ये साठवणुकीची एस-थ्री आणि ऑगस्टमध्ये भाड्याच्या सर्व्हरची ईसी-टू ही सेवा काढली, तिथून हा धंदा सुरू झाला असं मानतात. आपल्याकडे यायला त्यांना वेळ लागला. मायक्रोसॉफ्ट अझूर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला आलं, ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईला आणि गूगल २०१७ मध्ये मुंबईलाच. ही तारखांची जंत्री उगाच नाही. प्रकाश काचेच्या तारेतून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. जालना ते मुंबई चारशेच्या वर किलोमीटर, म्हणजे जायला दोन-तीन मिलिसेकंद. अमेरिकेतल्या सर्व्हरवर हिशोब ठेवला तर प्रत्येक एंट्रीला दोनशे मिलिसेकंदांच्या वर लागतील. एका बिलामागे पंधरा-वीस क्वेरी पकडा आणि काउंटरपुढे उभ्या असलेल्या रांगेचा विचार करा!

मी एक्सेलमध्ये तक्ता केला, रंग भरले. काकांनी तो बघितलासुद्धा नाही. म्हणाले, "हे राहू दे. मला तीन गोष्टी सांग. बिल किती येणार? लाइन गेली तर काय? आणि उद्या मला सोडायचं म्हटलं तर माझी वही मला परत भेटंल का?" मित्रांनो, नंतर मी जेवढी पुस्तकं चाळली त्यांत क्लाउड निवडण्याचे याहून चांगले तीन प्रश्न मला सापडले नाहीत.

पहिला प्रश्न बिलाचा. होस्टेलवाल्यांना हे पटकन कळेल. नुसता भाड्याचा सर्व्हर म्हणजे खोली घेऊन हाताने स्वयंपाक करणं. भाडं कमी, पण भांडी तुम्हीच घासायची. म्हणजे डेटाबेस बसवणं, त्याचे पॅच, बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात. मॅनेज्ड डेटाबेस म्हणजे मेस. पैसे जास्त, पण ताट पुढ्यात येतं. ॲमेझॉनची आरडीएस, गूगलची क्लाउड एसक्यूएल, अझूरची एसक्यूएल डेटाबेस या सगळ्या मेसच. आणि सर्व्हरलेस म्हणजे कूपन: जेवलात त्या दिवसाचेच पैसे.

आता काकांच्या दुकानात वर्षभराची गर्दी मृगाच्या आगेमागे दोन-तीन आठवड्यांत होते. रब्बीला थोडी, बाकी काउंटरवर माशा. एजंटचा करार मात्र जूनची गर्दी धरून तीन वर्षांसाठी केलेला. काकांना मी सांगितलं, "हा सालगडी आहे. पाडव्याला ठरवला की काम असो नसो, वर्षाचे पैसे द्यायचे. आपल्याला पेरणीपुरते रोजंदार पाहिजेत." त्यांना एका वाक्यात समजलं. सालगडी दिवसाच्या हिशोबाने स्वस्त पडतो हे खरं, पण त्याला बारमाही काम पाहिजे. वाळूजच्या कारखान्याला किंवा बँकेला तोच करार फायद्याचा ठरेल.

बारकावे इथेच असतात. आरडीएसचा डेटाबेस तुम्ही बंद करू शकता, पण सात दिवसांनी तो आपोआप सुरू होतो आणि मीटर पळायला लागतं. बंद असतानाही साठवणुकीचं भाडं चालूच. अझूर एसक्यूएलच्या सर्व्हरलेस प्रकारात काम नसलं की डेटाबेस स्वतःहून झोपतो, मात्र पहिली क्वेरी आल्यावर जागा व्हायला वेळ घेतो. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला तेवढं थांबावं लागेल. ॲमेझॉनच्या ऑरोराच्या सर्व्हरलेस प्रकारालाही असं शून्यावर जाऊन थांबणं जमतं. भाव डॉलरवर ठरतो आणि वर १८ टक्के जीएसटी. काकांची जीएसटी नोंदणी असल्याने त्यातला काही भाग क्रेडिटमध्ये वळता होतो, तुमच्या-माझ्या प्रोजेक्टला मात्र पूर्ण लागतो. आमच्या आकाराच्या छोट्या डेटाबेससाठी तिघांच्या बिलात एकोणीस-वीसचाच फरक निघाला. म्हणजे नुसत्या भावावर निर्णय होणार नव्हता.

दुसरा प्रश्न लाइनीचा. कंपन्या नऊच्या भाषेत बोलतात. आरडीएस दोन वेगळ्या ठिकाणी जोडीने ठेवली तर ९९.९५ टक्के हमी. ऐकायला छान, पण महिन्याचे ४३,२०० मिनिटं धरली तर यात साधारण २२ मिनिटं बंद पडायला परवानगी आहे. त्याहून जास्त बंद राहिलं तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात सूट मिळते, बुडालेलं गिऱ्हाईक मिळत नाही. मोठ्यांचंही बंद पडतंच. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने कमांड देताना चुकीची नोंद केली, हवे होते त्याहून जास्त सर्व्हर काढले गेले आणि अमेरिकेच्या पूर्व भागातली एस-थ्री चार तासांच्या आसपास आडवी झाली.

पण खरं सांगू का? मुंबईतला सर्व्हर पडायच्या आधी भोकरदनची लाइन पडते. कुठे रस्त्यासाठी जेसीबी लागला की केबल गेलीच समजा. मुंबईला नऊचे कितीही आकडे जोडा, मधल्या चारशे किलोमीटरची हमी त्यात नसते. तेव्हा ठरवलं की काउंटरवरच्या कॉम्प्युटरने आधी स्वतःपाशी बिल लिहायचं आणि लाइन असेल तेव्हा मुंबईला पाठवायचं. त्यासाठी प्रत्येक दुकानाच्या बिलनंबराला वेगळं अक्षर दिलं, नाहीतर तिन्हीकडून १०१ नंबरचं बिल आलं असतं. तीन तारखेला पाऊस झाला, चार तारखेला गर्दी, आणि पाच तारखेला भोकरदनची लाइन दुपारभर गायब. बिलं चालू राहिली, संध्याकाळी मुंबईला जमा झाली. अंबडच्या दुकानात कोणाला पत्तासुद्धा लागला नाही.

तिसरा प्रश्न सोडून जाण्याचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्लाउडमध्ये माल टाकायला पैसे नाहीत, बाहेर काढायला आहेत. आपल्या मोंढ्यात माल उतरवायची हमाली माफ आणि भरायची दुप्पट असती तर व्यापारी हसला असता! ॲमेझॉन आणि अझूर महिन्याला १०० जीबीपर्यंत बाहेर नेणं फुकट देतात, आमचा डेटा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. आमच्या बाबतीत अडकायची भीती वेगळीच होती. एकाच कंपनीकडे मिळणारा डेटाबेस घेतला तर प्रोग्रॅमही त्याच कंपनीच्या भाषेत लिहिला जातो आणि मग सोडवत नाही. म्हणून पोस्टग्रेस घेतला. तो बर्कलेच्या विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या कामातून आला, मोफत आहे आणि तिन्ही कंपन्या तो भाड्याने देतात. उद्या बिऱ्हाड हलवायचं तर भांडी तीच राहतात.

शिवाय दर रविवारी पूर्ण डेटाची एक प्रत दुकानातल्या वेगळ्या डिस्कवर उतरते. आरडीएस रोजचे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस ठेवते, पण ते त्यांच्याच घरात. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला १० मार्च २०२१ ला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या त्यांच्या हाती काही उरलं नाही. क्लाउड म्हणजे शेवटी कोणाच्या तरी इमारतीतली कपाटं, आणि इमारतीला आग लागते.

एवढं सगळं पटल्यावर मी मुनीमजींकडे वही मागितली. जुन्या नोंदी ताडून बघायच्या होत्या. त्यांनी दिली, पण माझ्या शेजारी बसून राहिले. वहीच्या उजव्या कडेला बारीक अक्षरात शेरे होते. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची विहीर आटली, कोणाचा भाऊ दवाखान्यात, 'यंदा मागू नये'. मी खुशीत म्हणालो, "मुनीमजी, यासाठी एक कॉलम वाढवू. तिन्ही दुकानांत दिसेल." त्यांनी वही हळूच बंद केली.

"बाळा, रुपये टाक तुझ्या त्या ढगात. हे नको टाकू. हे लोकांच्या घरचं आहे. त्यांनी मला सांगितलं, दुकानाला नाही."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. डेटा गुप्त लिपीत साठतो, कोणाला काय दिसावं हे ठरवता येतं, २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पण त्याच कायद्याचा अर्थ असा की सर्व्हर कोणाचाही असो, गिऱ्हाइकाच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्या दुकानावरच राहते. कुलूप किती चांगलं आहे हे मी सांगत होतो. ही गोष्ट त्या घरात ठेवायचीच का, हे मुनीमजी विचारत होते. काका मधे पडले नाहीत. कॉलम वाढवला नाही. टेबलात नाव, गाव, मोबाइल, बाकी आणि तारखा एवढंच आहे. आधारचा नंबरसुद्धा घेतला नाही. आमच्या हिशोबाला त्याची गरजच नव्हती.

परवा फोनवर काका सांगत होते. भोकरदनच्या दुकानातला नवीन पोरगा स्क्रीनवर बाकी बघून एका म्हाताऱ्यावर तगादा लावत होता. मुनीमजींनी जालन्याहून फोन करून त्याला थांबवलं. स्क्रीनवरचा आकडा बरोबर होता. का थांबायचं ते स्क्रीनवर नव्हतं.

या वर्षी आपल्या विभागातल्या निम्म्या प्रोजेक्टच्या नावात 'क्लाउड' आहे. ज्युनिअर्सना एवढंच सांगेन: कंपनी कोणतीही निवडा, पण काकांचे तीन प्रश्न आधी सोडवा आणि टेबल आखताना एखाद्या मुनीमजींना शेजारी बसवा. कोणते कॉलम हवेत ते आपल्याला सर शिकवतात. कोणते नकोत, ते त्यांना विचारा.

— अंतिम वर्ष, संगणक विभाग