भाड्याच्या घराचे दार

बदली होऊन जेऊरला आलो, तेव्हा घर पाहून घेण्याची आमची हौस दोनच दिवसांत फिटली. मिळाले ते दोन खोल्यांचे पत्र्याचे घर. पुढची भिंत तेवढी विटांची. बाकी तिन्ही बाजू आणि छप्पर पत्र्याचे. सोलापूरकडची गाडी धडधडत गेली की मांडणीवरच्या भांड्यांआधी भिंतीच वाजत. दाराला हिरवा ऑइलपेंट होता. कुठल्याशा उरलेल्या डब्यातला असावा. कारण तसला हिरवा रंग झाडापानांत मी तरी पाहिलेला नाही.

भाड्याच्या घराला माणूस आतून आपले म्हणतो आणि बाहेरून मालकाचे. आमचेही तसेच चालले होते. आत पडदे, बाहेर गंज. गेल्या वर्षी नवरात्र संपले आणि एक दिवस धाकटीची मैत्रीण वही मागायला आली, ती आमच्या दारासमोरून जाऊन शेजारच्या स्लॅबच्या घराची कडी वाजवू लागली. धाकटी घरातच होती. तिने हाक मारली नाही. त्या घराकडे बोट दाखवून "ते आमचं" असे तिनेच कधीतरी सांगितले होते, हे तिच्या खाली गेलेल्या मानेवरून मला कळले. मी तिला काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते तरी काय?

रात्री हिशेब मांडला. दिवाळीच्या खर्चातून पंधराशे रुपये निघत होते. सौ. म्हणाली, "अहो, दुसऱ्याच्या भिंतीला आपले पैसे?" मालक आण्णांना विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "रंगवा की गुरुजी. पर आधीच सांगून ठिवतो, भाडं कमी व्हायचं न्हाई."

चुन्याची कळी आणून पिंपात भिजत घातली. पाणी पडताच ती खदखदून उकळू लागली, तशी धाकटीला मी चार हात लांब उभी केली. चुना डोळ्यांत उडाला तर खेळ नव्हे. रात्रभर मुरल्यावर गाळून त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घातली. भिंत आधी पाण्याने भिजवून पहिला हात दिला, तर ती पांढरी दिसेचना! नुसती ओली आणि मळकट. सौ.ने पंधराशे रुपयांकडे पाहावे तसे माझ्याकडे पाहिले. पण चुन्याचा रंग ओला असताना दिसत नाही, वाळताना उमलतो. हवेतला कार्बन वायू घेऊन त्याचा पुन्हा दगड होतो, हे मी वर्गात कितीदा शिकवले असेन. सकाळी उठून खरे झालेले प्रथमच पाहिले. पत्र्याला मात्र चुना धरत नाही. तिथे तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर राखाडी रंग. भिंतीच्या खाली गेरूचा पट्टा ओढला, गोड्या तेलाच्या दोन डब्यांत तुळस आणि झेंडू लावला.

मग दार. काचेच्या तुकड्याने हिरवा रंग खरवडला, तर खाली निळा, निळ्याखाली तांबडा. आणि त्याखाली, वाचकहो, सागवान! चौकटीच्या माथ्यावर गणेशपट्टी, दोन्ही अंगांना कमळे. पत्र्याच्या घराला वाड्याची चौकट!

आण्णा संध्याकाळी सहज आले आणि ओट्यावर बसूनच राहिले. मग उठून त्यांनी कमळावर हात ठेवला. "आज्ज्यानं करवली होती," म्हणाले. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. पाणी चढायच्या आत त्यांच्या वडिलांनी भीमाकाठच्या घराच्या तुळया, पत्रे आणि ही चौकट बैलगाडीत घालून इकडे आणली. विटामाती तिथेच राहिली. आण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते. पाणी फार उतरले की पलीकडे पळसदेवचे देऊळ उघडे पडते, लोक बघायला जातात. आण्णा कधी गेलेले नाहीत. "हिरवा रंग म्याच दिला," ते म्हणाले. "दर येळंला नजरंला पडायची."

जाताना मागे वळून म्हणाले, "पोराचा बंगला हुतोय. तिथं हीच बसवावी म्हंतो."

सौ.चा चेहरा उतरला. घर तुमचेच आहे, असे मी म्हणालो खरा. पण आठ दिवस नखे झिजवून मी यांचेच दार यांना काढून दिले, हा हिशेब मनातून जाईना. धाकटीने सरळ विचारले, "मग आमच्या दाराला काय लावणार, आण्णा?" ते नुसते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून जवसाच्या तेलाची बाटली आली, चौकटीला पाजायला.

पाडव्याला आण्णा नातवाला घेऊन आले. त्याला उंबरठ्यावर डोके टेकायला लावले आणि बुडालेल्या गावाचे नाव दोनदा म्हणवून घेतले. ओट्यावर धाकटीच्या चार मैत्रिणी चिवडा खात बसल्या होत्या. त्या सरकून बसल्या.

यंदा गणपतीत बंगल्याचा स्लॅब पडला. त्यानंतर सुतार येऊन आमच्या चौकटीचे माप घेऊन गेला. ही काढायची आहे की हिच्यासारखी नवी घडवायची, हे विचारायचा धीर मला झाला नाही. सौ.ने चहा देऊन विचारले.

"माप एकच असतंय, वहिनी," तो म्हणाला आणि बशीत चहा ओतू लागला.