मधला ध्वनिक्षेपक

गेल्या दिवाळीत इंदूरच्या आमच्या घरी होम थिएटर आले, ते हौसेपेक्षा गरजेपोटी. नानांना ऐकू कमी येऊ लागले होते. टीव्हीचा आवाज वाढवावा, तर पार्श्वसंगीत तेवढे गर्जे. संवाद कळत नसत. हळूहळू त्यांनी दिवाणखान्यात येणेच सोडले.

पाच ध्वनिक्षेपक आणि खर्जाची पेटी मांडून झाली, तरी आवाज टीव्हीतूनच! माहितीपुस्तिका वाचणे हा कमीपणा मानण्याची आमच्या घराण्याची रीत. दोन तास त्यातच गेले. एचडीएमआयची वायर मी दिसेल त्या खाचेत खोचली होती. टीव्हीचा आवाज उलट यंत्राकडे धाडते ती ‘एआरसी’ लिहिलेली खाच. ही सोय २००९ मध्ये आली. वायर तेथे लावली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये ध्वनीचा मार्ग बदलला आणि यंत्र बोलू लागले. सेट-टॉप बॉक्स टीव्हीलाच जोडलेला राहू दिला. त्याचाही आवाज त्याच वायरीने येतो.

नानांचे काम मात्र व्हायचेच होते. चित्रपटांतील संवाद बहुधा मधल्या ध्वनिक्षेपकातून येतात. पण नानांच्या आवडत्या जुन्या नाटकांचे ध्वनिमुद्रण फार तर दोन वाटांचे, म्हणून मधला मुका. ‘सराउंड’ निवडताच तोही जागा झाला. मग तेवढ्याचाच आवाज चढवला.

नाना दारात येऊन उभे राहिले. मग आपल्या खुर्चीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “अरे, जरा हळू कर. एवढा मोठा कशाला?”