मोरचूद, चुना आणि शब्दमर्यादा

एम.ए.च्या वर्गात शैलीविचार शिकवताना मी फळ्यावर एक वाक्य लिहितो : 'असे आढळून आले आहे.' आणि मुलांना विचारतो, कोणाला आढळले? कधी? कुठे? मुले हसतात. हा प्रश्न मला कसा सुचला हे मात्र मी त्यांना आजवर सांगितलेले नाही.

माझ्या थोरल्या भावाचे तासगाव तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. एक गाळा, त्यात खते, औषधे, छाटणीच्या कात्र्या, द्राक्षबागेला लागणारे बाकी सारे. २०१० च्या सुमारास त्याच रस्त्यावर अशी आणखी चार दुकाने उघडली. माल तोच, कंपन्या त्याच, दरही जवळपास तोच. मग गिऱ्हाइकाने आमचीच पायरी का चढावी? दादाजवळ इतरांकडे नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे वीस वर्षे बागेत घालवून आलेली जाण. ती लोकांना कळली पाहिजे, असे माझ्या मनाने घेतले. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होतो. वेळ पुष्कळ आणि मान बेताचा. एका स्थानिक साप्ताहिकाच्या संपादकांना भेटून मी दादाच्या नावाने सदर ठरवून आलो. मानधन नको, फक्त लेखाखाली दुकानाचे नाव हवे, एवढीच अट. दादा म्हणाला, "मला कुठं लिहायला येतंय?" मी म्हणालो, "तू सांग, मी लिहितो."

तो सांगे ते असे : "पाऊस झाला आणि चार दिवस ढगाळ राहिलं, तर डाऊनी बहुतेक येतोच बघ. पण सगळ्याच बागंत नाही. माळावर वारं असतंय, तिथं कमी. पान बघितल्याशिवाय मी काय सांगू?" माझ्या लेखणीतून ते उतरे ते असे : 'पावसानंतरच्या ढगाळ हवामानात केवडा रोगाचा प्रादुर्भाव होतो, असे आढळून आले आहे.' 'बहुतेक' गेले, माळ गेला, वारा गेला आणि पान बघणारा माणूसही गेला. माझी समजूत अशी होती की शंका ही बोलण्यात शोभते, छापील मजकुरात ती अडाणी दिसते. तज्ज्ञ म्हणजे काय, तर ज्याच्या वाक्यात 'पण' येत नाही.

आणि याचा उपयोग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. सहा महिन्यांत दादाला लोक 'साहेब' म्हणू लागले. शेतकरी मेळाव्यात त्याला व्यासपीठावर खुर्ची मिळाली. लांबच्या गावांतून लोक दुकान शोधत येऊ लागले. वहिनींनी सगळी कात्रणे काउंटरच्या काचेखाली लावली. त्या कात्रणांकडे पाहताना मला होणारा आनंद निव्वळ भावाचा नव्हता. तो लेखकाचाही होता, आणि नाव नसलेल्या लेखकाचा आनंद जरा जास्तच आतल्या गाठीचा असतो.

मनाला टोचणी लागलीच तर समर्थन तयार होते. मराठीच्या विद्यार्थ्याला 'किर्लोस्कर खबर' सांगावी लागत नाही. नांगर बनवणाऱ्या कारखान्याने १९२० साली काढलेले ते पत्र पुढे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसले. किर्लोस्करवाडी आमच्यापासून काही फार लांब नाही. मालाची प्रसिद्धी आणि लोकशिक्षण एका गाडीला जुंपता येते याचा इतका जवळचा पुरावा असताना मला संकोच कशाचा? एक तपशील मात्र मी सोयीस्करपणे विसरलो होतो. वाडीचा कारखाना १९१० सालचा, आणि नांगराची खटपट त्याच्याही आधीची. लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या रानात तो नांगर वर्षानुवर्षे चालून दाखवावा लागला होता. खबर त्यानंतर आली.

२०११ च्या ऑक्टोबर छाटणीच्या वेळी मी बोर्डो मिश्रणावर लेख केला. माझा सर्वांत आवडता. बोर्डोची जन्मकथाच मोठी रसाळ आहे. फ्रान्समध्ये मेदोक भागातले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर पाणी मारत, ते वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले की केवड्याने बाकी बाग उघडी पडली तरी या वेलींची पाने टिकून आहेत. त्यातून १८८५ मध्ये औषध जगापुढे आले. चोरासाठी केलेला बंदोबस्त रोगावर लागू पडला! अशी गोष्ट कोणता मराठीचा माणूस सोडील? तिच्यावर मी लेखाचा निम्मा भाग खर्च केला. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवावा, कोवळ्या फुटीसाठी शंभर लिटर पाण्याला दोन्ही अर्धा-अर्धा किलो घ्यावे, हेही लिहिले. शब्दमर्यादा चारशेची. दादाने सांगितलेले एक वाक्य शेवटी बसेना, म्हणून गाळले.

पंधरवड्याने एक वयस्कर शेतकरी दुकानात आले. त्या दिवशी मी तिथेच होतो. त्यांनी पिशवीतून चार-पाच फुटी काढून काउंटरवर ठेवल्या. कोवळी पाने कडेने जळून काळी पडली होती. मग खिशातून घडी घातलेले कात्रण काढले. "तुमचं वाचून केलं, साहेब. प्रमाणात बोटभर फरक नाही."

दादाने पाने उलटसुलट केली. "चुना कुठला घेतला, तात्या?"

"घरचाच. गेल्या सालचा शिल्लक होता."

पोत्यात वर्षभर हवा खाऊन भुकटी झालेला चुना मोरचुदाची धग मारू शकत नाही. त्या धगीनेच फूट जळते. दादाने कात्रण हातात घेतले आणि स्वतःच्या नावाचा लेख, बहुधा पहिल्यांदाच, ओळ न् ओळ वाचला. मग माझ्याकडे पाहून हळू विचारले, "सुरीचं कुठाय?"

ते गाळलेले वाक्य सुरीचे होते. तयार द्रावणात लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बाहेर काढायची. पात्यावर तांबूस लाली आली तर चुना कमी पडला, आणखी घालायचा, तोवर फवारायचे नाही. दोन ओळी. मेदोकच्या चोरांना जागा हवी होती म्हणून त्या गेल्या.

दादाने हे त्यांना सांगितले नाही. "माझ्याकडून लिहायचं राहिलं, तात्या," एवढेच म्हणाला आणि त्यांच्याबरोबर मोटारसायकलवर बाग बघायला गेला. त्या हंगामातल्या त्यांच्या औषधांची उधारी त्याने वहीत कधी चढवली नाही. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

सदर मी बंद करायला निघालो होतो; दादाने होऊ दिले नाही. पुढचे लेख त्याने बोलून दाखवायचे आणि मी फक्त ऱ्हस्वदीर्घ पाहायचे, असे ठरले. ते लेख वाचताना मला वाक्यावाक्याला ठेच लागे. 'बहुतेक', 'आमच्या भागात तरी', 'मला दोनदा फसायला झालं आहे.' शेवटची ओळ दर वेळी एकच : 'येताना पान घेऊन या.' मला वाटले, आता साहेबपण उतरणार. व्यासपीठावरची खुर्ची खरोखरच पुढे मिळाली नाही. पण सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर ओल्या फडक्यात पाने गुंडाळून माणसे बसू लागली, आणि पान दाखवून झाले की औषध तिथूनच घेऊन जाऊ लागली.

ते साप्ताहिक पुढे बंद पडले. यंदा छाटणीपूर्वी दादाने गिऱ्हाइकांना वाटायला बोर्डोवर एक पानभर मजकूर मागितला. मी जपून लिहिला, असे मला वाटले होते. काल तो परत आला. सुरीचा मजकूर बाणाने उचलून अगदी वर नेला आहे, मिलार्देवर काट मारली आहे आणि तीन ठिकाणी बॉलपेनने 'बहुतेक' घातले आहे. त्यातल्या एका ठिकाणी ते व्याकरणाने बसत नाही. तसेच ठेवावे की काय, याचा विचार करतो आहे. छापखान्यात उद्या सकाळी द्यायचे आहे.