दुसऱ्यांच्या सुटीचा संसार

"तुम्ही काय करतां?" ह्या प्रश्नाला शिक्षिकेला किंवा डॉक्टरणीला एका शब्दांत उत्तर देतां येतें. मला तें येत नाहीं. "मी लोकांच्या सुट्या आंखून देतें," असें सांगितलें कीं ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हंसूं उमटतें, आणि अधिक चौकशीची ज्यांना हौस असते त्यांचा पुढला प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे तुम्हांला तेथें फुकट जायला मिळत असेल, नाहीं?" माझा धंदा म्हणजे केवळ मौज, ही समजूत पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत सारखीच पसरलेली आहे. म्हणून ह्या धंद्यांत प्रत्यक्ष काय करावें लागतें, आणि तें करतांना मनाला काय सोसावें लागतें, हें एकदां मोकळेपणानें सांगावें असें वाटलें.

मी राहातें अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानांत. माझीं गिऱ्हाइकें जातात तीं येथून सुमारें हजार मैलांवर, फ्लॉरिडांतील ऑर्लँडो शहराजवळच्या थीम पार्कांत. जत्रा, नाटकगृह आणि बाग हीं तिन्ही एकत्र करून कथेच्या एका सूत्रांत ओंवलीं म्हणजे थीम पार्क होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. वॉल्ट डिस्ने ह्या चित्रपटकारानें १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत 'डिस्नेलँड' उघडलें. फ्लॉरिडांत त्याहून कितीतरी मोठें काम त्यानें योजिलें होतें. परंतु तें उभें राहण्यापूर्वींच १९६६ सालीं तो वारला. त्याचा थोरला भाऊ रॉय त्या वेळीं कामांतून निवृत्त होण्याच्या बेतांत होता. त्यानें तो बेत बाजूला ठेवला, धाकट्याचें काम तडीस नेलें, त्या जागेला आग्रहानें त्याचें पूर्ण नांव दिलें, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजीं 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड'चे दरवाजे उघडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत रॉयही गेला. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माझ्यासारखीला ही हकीकत तेथल्या साऱ्या झगमगाटापेक्षां अधिक जवळची वाटते.

आज ह्या जागेचा विस्तार सुमारें ४० चौरस मैलांचा आहे. त्यांत चार मोठीं उद्यानें आणि उतरण्यासाठीं वीसांहून अधिक हॉटेलें आहेत. शेजारीं युनिव्हर्सल कंपनीचीं उद्यानें निराळींच. त्यांतील सर्वांत नवें 'एपिक युनिव्हर्स' २२ मे २०२५ रोजीं सुरू झालें. एवढ्या पसाऱ्यांत नवख्या माणसानें चार दिवसांसाठीं शिरणें म्हणजे पंढरीच्या वारीच्या गर्दींत ओळखीचा माणूस शोधण्यासारखें आहे. तेथें माझें काम सुरू होतें.

लग्नघरांत कोठीची किल्ली जिच्या कमरेला असते, तिच्या कामासारखें हें काम आहे. मांडवांतल्या कोणालाही ती दिसत नाहीं. पण नारळ कमी पडले तर मात्र सर्वांना तिची आठवण होते! चांगल्या भोजनगृहांतील जागा ६० दिवस आधीं, पहाटे सहाच्या सुमारास खुल्या होतात आणि पाहतां पाहतां संपतात. रांगेंत ताटकळत राहावें लागूं नये म्हणून जादा पैसे भरून ज्या वेळा घेतां येतात, त्या तेथल्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना सात दिवस आधीं आणि इतरांना तीन दिवस आधीं मिळतात. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाहीं. दहा वर्षें पुरीं झालेल्याला मोठ्या माणसाचें पडतें. 'स्पेस माउंटन'मध्यें बसायला ४४ इंच उंची लागते. मग ४३ इंचांच्या मुलाला घरूनच समजावून ठेवावें लागतें, नाहीं तर रांगेच्या तोंडाशीं आकांत होतो. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तुफानांचे दिवस. सप्टेंबर २०२२ मध्यें 'इयन' नांवाच्या तुफानामुळें उद्यानें दोन दिवस बंद ठेवावीं लागलीं होतीं. शाकाहारी मंडळींना कोठें काय मिळेल, ह्याचीही टिपणें माझ्यापाशीं आहेत. 'ॲनिमल किंग्डम लॉज'मधील 'सना' भोजनगृहांत हिंदुस्थानी धर्तीच्या नान आणि चटण्या मिळतात, आणि जेवतां जेवतां खिडकींतून जिराफ चरतांना दिसतात, हें ऐकल्यावर किती आजोबांचा विरोध मावळला आहे!

आतां मिळकतीविषयीं. गिऱ्हाइकाकडून मी कांहींच घेत नाहीं. माझी दलाली उद्यानाच्या कंपनीकडून येते, आणि तीही प्रवास पुरा झाल्यानंतर. ज्या मोठ्या एजन्सीच्या छत्राखालीं मी काम करितें, ती त्यांतून आपला वांटा ठेवते. प्रवास रद्द झाला तर महिनोन् महिने केलेल्या कामाचे शून्य पैसे. महामारीमुळें १६ मार्च २०२० रोजीं हीं उद्यानें बंद झालीं आणि ११ जुलैपासून टप्प्याटप्प्यानें उघडलीं. त्या अवधींत मीं एका वर्षाचें काम स्वतःच्या हातांनीं उलगडलें. त्यांत दोष कोणाचाच नव्हता. परंतु विणलेला स्वेटर उसवतांना बोटांना जें वाटतें तें वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

ह्या धंद्यांतील खरी पारख मात्र निराळीच आहे. दलाली ही किंमतीवर मिळते. गिऱ्हाईक जितकें अधिक खर्च करील तितका माझा लाभ. आणि खरा सल्ला तर पुष्कळदां 'कमी करा' असाच द्यावा लागतो. एका मराठी कुटुंबाची हकीकत सांगतें. साताऱ्याहून आईवडील सहा महिन्यांसाठीं मुलाकडे आलेले. मुलाच्या मनांत त्यांना नाताळच्या आठवड्यांत चार दिवसांत चारही उद्यानें दाखवायचीं. हेतु उत्तम, परंतु तो आठवडा वर्षांतला सर्वांत गर्दीचा आणि सर्वांत महाग. दिवसाला पांच-सात मैल चालणें सहज होतें. मीं आईंशीं बोलूं देण्याची विनंति केली.

"आजी, तुम्हांला तिथं काय बघायचं आहे?"

"मला मेलीला काय कळतंय त्यांतलं! मुलगा नेईल तिथं जायचं." मग थोडें थांबून म्हणाल्या, "खरं सांगूं का बाळ, धाकटा नातू माझ्याशीं बोलतच नाहीं ग. त्याला मराठी येत नाहीं, नि मला त्याचं इंग्रजी उमगत नाहीं. कुठं तरी त्याच्याजवळ घटकाभर बसायला मिळालं, तर तेवढं बघ. आणि गुडघ्याचं त्याला सांगूं नकोस. उगीच मन खाईल."

ह्या चार वाक्यांत सगळा प्रवास आंखला गेला. मुलाला मीं एवढेंच सांगितलें कीं चार दिवस नकोत, दोन पुरेत. नाताळ नको, जानेवारीचा शेवट बरा. आणि एक चाकांची खुर्ची मात्र हवीच. "पैसे आम्ही देतों आहोंत ना?" असा थोडा तुटक प्रश्न आला. मीं तोही ऐकून घेतला. पहिल्या दिवसाच्या यादींत अगदीं वर लिहिलें : 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'. ही होडीची सफर मूळची १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळाव्यांत मुलांच्या 'युनिसेफ' संस्थेसाठीं केलेली. देशोदेशींच्या बाहुल्या गातात, होडी हळूहळू जाते. उंचीची अट नाहीं, आणि भाषा यावीच लागते असेंही नाहीं. पुढें मुलाचें पत्र आलें : आजी आणि नातू त्या होडींत तीन वेळां बसलीं, तिसऱ्या वेळीं नातवानेंच आजीचा हात धरून नेलें. माझी दलाली पहिल्या बेताच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही राहिली नव्हती. पण तो हिशेब मीं त्या दिवशीं मांडला नाहीं.

सर्वच हकीकती अशा गोड नसतात. "लवकरांत लवकर कोणती तारीख मिळेल?" असें एखादी आई विचारते, आणि त्या घाईमागें काय आहे तें तिच्या आवाजावरूनच कळतें. अशा एका घरचा प्रवास निघण्याच्या आठ दिवस आधीं रद्द झाला. कारण विचारण्याचें कारणच नव्हतें. एकेक जागा रद्द करतांना मला हेन्री लँडविर्थची आठवण झाली. नाझींच्या छळछावण्यांतून वांचलेला हा गृहस्थ पुढें फ्लॉरिडांत हॉटेलें चालवूं लागला. रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या एका मुलीची उतरण्याची सोय त्याच्याकडे झाली होती. परंतु प्रवासाची बाकीची व्यवस्था वेळेवर जुळली नाहीं, आणि ती मुलगी येण्यापूर्वींच गेली. तें त्याच्या जिव्हारीं लागलें. असा उशीर पुन्हां कोणाच्या वांट्यास येऊं नये म्हणून त्यानें १९८६ सालीं 'गिव्ह किड्स द वर्ल्ड' ही संस्था काढली. ऑर्लँडोजवळ किसिमी येथें तिचें गांवच वसलें आहे. गंभीर आजारी मुलें आपल्या घरच्या माणसांसह तेथें विनामूल्य आठवडाभर राहातात. तारखा, तिकिटें, खोल्या ह्यांना आपण क्षुद्र बाबी म्हणतों. पण वेळेवर झालेली व्यवस्था हीही एक माया आहे, हें मला त्या गृहस्थाच्या चरित्रानें शिकविलें.

हल्लीं हातांतल्या फोनवर सारें आपलें आपण ठरवितां येतें, मग मध्यस्थ कशाला, असें कोणी म्हणेल. ज्याला सवड आणि आवड आहे त्यानें अवश्य स्वतः ठरवावें. मी त्याला अडवीत नाहीं. तारखा यंत्र सांगतें. पण आजींचा गुडघा यंत्राला कोण सांगणार? घरांतील कर्ता माणूस प्रेमापोटीं सर्वांसाठीं ठरवितो आणि बाकीचीं माणसें प्रेमापोटींच गप्प बसतात. अशा ह्या दुहेरी प्रेमांत कितीतरी सुट्या दमणुकींत जातात.

तेव्हां माझी एवढीच सूचना आहे. ऑर्लँडोला जा, महाबळेश्वराला जा, किंवा गणपतिपुळ्याला, तिकिटें काढण्यापूर्वीं घरांतील सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला वेगवेगळें, एकटें गांठून विचारा, "तुला काय हवें?" आणि उत्तर आल्यावर लगेच बोलूं नका, थोडें थांबा. पहिलें उत्तर बहुधा "मला कांहीं नको" असेंच येतें. खरें उत्तर त्याच्या मागून येतें.