खंबाटकीनंतरचा थांबा

पुण्याहून कोल्हापूरकडे निघालं की कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका, सारोळ्याजवळची नीरा आणि शिरवळचे कारखाने हा क्रम ठरलेला. राष्ट्रीय महामार्ग ४८ चा हा तुकडा पूर्वी चार नंबरचा हायवे होता आणि ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी अजून तेच नाव आहे. या वाटेने जाताना माझं लक्ष डोंगरापेक्षा धाब्यांच्या आवाराकडे जातं. खंबाटकी घाटाची चढण संपल्यानंतरच्या धाब्यावर जुने ट्रक आणि टेम्पो कसे लावलेले असतात ते पाहावं. जागा सपाट असली तरी काहींनी मुद्दाम उताराची कड शोधलेली असते, तोंड रस्त्याकडे. ही गाडी गरम असताना सेल्फवर लागत नाही, हे ती न सांगता सांगते. पहाटे पुण्यात ती एका सेल्फमध्ये लागलेली असते, टोलच्या रांगेत बंद करून लगेच चालू केली तरी कुरकुरत नाही. चहाच्या वीस-पंचवीस मिनिटांनंतर मात्र सेल्फ फिरत राहतो आणि इंजिन ढिम्म. तास-दोन तासांनी पुन्हा शहाण्यासारखी लागते. लाखो किलोमीटर झालेल्या गाड्यांच्या या खोडीला सरसकट ‘गरम होते’ असं म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. माझं म्हणणं असं की उष्णता इथे गुन्हेगार नसून साक्षीदार आहे. दोष झिजेत असतो, आणि ही झीज नेमकी कुठे आहे ते प्रवासाचे टप्पे नीट वाचले तर पाना हातात घेण्याआधीच बरंचसं कळतं.

सुरुवात पहाटेच्या स्टार्टपासूनच करावी, कारण थंड इंजिन झटकन लागतं हा फार बोलका पुरावा आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं, एवढाच खेळ. रिंगा आणि लायनर झिजून कॉम्प्रेशन गेलं असेल तर त्याचा त्रास आधी थंडीत होतो, कारण थंड भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात. गरम इंजिनात हवा मुळातच तापलेली असते, पेटणं सोपं असतं. म्हणून ‘गाडी जुनी झाली, इंजिन खोलायला आलं’ हा निकाल ऐकला की विचारावं, मग पहाटे ती कशी लागली? या युक्तिवादाला एक अपवाद आहे आणि तो मान्य केला पाहिजे. टॅपेटची फट गरजेपेक्षा कमी राहिली असेल तर तापल्यावर व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन फक्त गरम असतानाच गळतं. फिलर गेज घालून फट मोजायला पैसे लागत नाहीत, तेव्हा ती आधी मोजावी.

शिरवळ मागे पडलं की खंडाळ्यापासून खंबाटकीचा चढ लागतो. कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना घाट चढावा लागतो, पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा मिळतो. ही विषमता पुढे उपयोगी पडणार आहे. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्ये चढताना इंजिन सर्वाधिक तापतं, तरी ते चालू असेपर्यंत पाण्याचा पंप आणि पंखा उष्णता वाहून नेत असतात. डिझेल पंपातूनही ताजं डिझेल वाहत असतं आणि तेच त्याला थंड ठेवतं. घाट उतरून वेळे-सुरूरच्या बाजूला गाडी थांबवली आणि किल्ली फिरवली की हे सगळं एकदम थांबतं. ब्लॉकमध्ये साठलेली उष्णता मात्र बाहेर पडायची थांबत नाही. ती शेजारच्या पंपात, पाइपांत, सेल्फच्या मोटारीत शिरते. त्यामुळे बंद केल्यावर पहिली काही मिनिटं पंपाचं तापमान उतरण्याऐवजी चढतं. टोलवर न अडणारी गाडी धाब्यावर का अडते, याचं उत्तर इथे आहे.

पंप तापला म्हणजे आतलं डिझेल तापलं, आणि तापलेलं डिझेल पातळ होतं. भारतीय मानकानुसार डिझेलची विष्यंदता ४० अंश सेल्सिअसला २.० ते ४.५ सेंटीस्टोक्स असावी लागते; नव्वदीला पोचेपर्यंत ती निम्म्याहून खाली येते. रोटरी पंपात हेड आणि रोटर यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच असते. तिथे वेगळी पॅकिंग नसते, डिझेलचा दाटपणा हीच पॅकिंग. लाखो किलोमीटरमध्ये, त्यातही पाणी आणि धूळ मिसळलेलं डिझेल पचवून, ही फट रुंदावते. थंड डिझेल त्यातून हळू गळतं, गरम डिझेल भराभर. त्यात सेल्फ इंजिनाला मिनिटाला जेमतेम दीडशे-दोनशे फेरे देतो आणि पंप त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक दाबाला गळायला भरपूर वेळ मिळतो. सैल दट्ट्याची पिचकारी हळू दाबली तर पाणी मागूनच निघून जातं, तसं होतं. नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. एकदा इंजिन लागलं की वेग वाढतो, गळायला सवड उरत नाही, आणि गाडी पुढे दिवसभर तक्रारीशिवाय चालते. जुन्या मोठ्या ट्रकांच्या इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र एलिमेंट असतो आणि खालचा कॅम ऑइलमध्ये फिरतो, म्हणून तो जास्त टिकतो. रोटरी पंपाला वंगणही डिझेलचंच, म्हणून स्वस्तातलं रॉकेल मिसळलेलं डिझेल त्याला दुहेरी मारतं.

उताराची कड शोधणारे ड्रायव्हर धक्का स्टार्टचा दाखला देतात. गाडी ढकलली की लगेच लागते, तेव्हा दोष सेल्फचाच, पंप ठणठणीत! हा तर्क वरवर पटतो, पण धक्क्याने दोन्ही आजार सारखेच झाकले जातात. उतारावर इंजिन सेल्फपेक्षा वेगाने फिरतं, त्यामुळे झिजलेल्या पंपालाही दाब जमवता येतो. म्हणून धक्क्यावरून काहीच ठरवू नये. सेल्फ निर्दोष असतो असं मात्र मी म्हणणार नाही. तांबं साठ अंशांनी तापलं की त्याचा विद्युतरोध वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढतो, बुश झिजलेले असतील तर आर्मेचर घासू लागतं, आणि चासीवरची अर्थिंग गंजलेली असेल तर बॅटरीचा जोर वाटेतच संपतो. हे वेगळं काढायचं तर कानाने आणि मीटरने. सेल्फचा आवाज पहाटेइतकाच चपळ असेल तर बॅटरी-सेल्फवर पैसे घालू नयेत. आवाज जड असेल तर सेल्फ मारताना जाड केबलच्या दोन टोकांत किती व्होल्ट पडतात ते पाहावं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर आधी ती जोडणी घासून साफ करावी.

आवाज चपळ आहे आणि तरी गाडी लागत नाही, असं असेल तर सायलेन्सरकडे पाहावं. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. मग टॅपेट, टायमिंग, कॉम्प्रेशन. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. इथे पेट्रोल गाड्यांच्या अनुभवावरून कुणीतरी ‘डिझेलची वाफ होऊन लाइन अडते’ असं सांगतो. डिझेल सुमारे दीडशे अंशांच्या पुढेच उकळायला लागतं, बॉनेटखालच्या पाइपात ते तापमान येत नाही. हवा शिरणं मात्र खरं असतं: कडक झालेला रबरी पाइप किंवा फिल्टरचा बसका वॉशर हवा ओढतो. पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांना दिसतात, आणि हँड प्राइमर मारून गाडी लागली तर संशय तिकडेच जातो. बुडबुडे नसतील तर ओल्या फडक्याची कसोटी उरते. पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, सेल्फ मारायचा. लागली, तर पंपाचं हेड गेलं. घाई करून बादलीभर थंड पाणी ओतू नये. बाहेरचा भाग अचानक आकसला तर आतला रोटर जाम होऊ शकतो. आणि फडक्यालाच उपाय समजून ते वर्षभर केबिनमध्ये बाळगणारे जे आहेत, त्यांच्याविषयी काय बोलावं.

आनेवाडी, सातारा, उंब्रज करत कराडजवळ यावं तोवर टाकी निम्मी झालेली असते. इंजिनाने न वापरलेलं गरम डिझेल रिटर्न लाइनने टाकीत परत येतं, आणि टाकीत जितकं कमी तितकं ते लवकर तापतं. मे महिन्यातल्या दुपारी तासवड्यापुढे खोडी वाढते आणि टाकी भरली की कमी होते, असं आढळलं तर तोही पंपाच्याच झिजेकडे बोट दाखवणारा पुरावा आहे. देशभर २०१७ साली बीएस-४ आणि २०२० साली बीएस-६ लागू झाल्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत अशा पंपाची जागा कॉमन रेलने घेतली, म्हणून हा सगळा खटाटोप कालबाह्य झाला असं म्हणता येईल का? मला तसं वाटत नाही. रेलमध्ये साधारण दोनशे बारच्या आसपास दाब जमेपर्यंत कॉम्प्युटर इंजेक्टर उघडू देत नाही, आणि झिजलेल्या इंजेक्टरांतून गरम डिझेल रिटर्नला पळालं की तो दाब जमत नाही. फडक्याऐवजी प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला बाटली लावून कुठली आधी भरते ते पाहायचं, एवढाच फरक. गरम झाल्यावर क्रँक सेन्सर दगा देतो तेव्हा सेल्फ फिरत असूनही आरपीएमचा काटा हलत नाही, तेही बघून घ्यावं.

ड्रायव्हरांचा सगळ्यात व्यवहारी आक्षेप असा की मग थांब्यावर इंजिन बंदच करू नये. चालतं ते, पण फुकट जळणाऱ्या डिझेलचा हिशेब मालकाच्या वहीत येतोच, आणि झीज थांबत नाही. दुसरा मार्ग गॅरेजवाले सुचवतात: पंपाचा डिझेलचा स्क्रू थोडा आत घ्या. गाडी काही महिने लागते, चढावर काळा धूर ओकते, ॲव्हरेज पडतं. गळतीवर जास्त डिझेल ओतून मिळवलेला तो दिलासा असतो.

किणीचा टोल ओलांडून शिरोली आली की कोल्हापूरच्या फाउंड्रींचा पट्टा सुरू होतो, आणि पंप उघडून बेंचवर लावणाऱ्या पंप रूम इथे शोधाव्या लागत नाहीत. इथेच शेवटचा आणि खरा गोंधळ होतो. पंप बेंचवर चढतो आणि ‘ओके’ म्हणून परत येतो. यात लबाडी असेलच असं नाही. बेंचवर घेतलेलं मोजमाप प्रमाणित टेस्ट ऑइलवर, साधारण ४० अंश तापमानाला होतं. धाब्यावरच्या पंपाचा आणि त्या पंपाचा संबंधच नसतो. म्हणून पंप सोडताना दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात: डिलिव्हरी स्टार्टिंगच्या वेगाला मोजा, नुसती हजार आरपीएमला नको, आणि ऑइल तापल्यावर ती किती पडते तेही पाहा. काम झाल्यावर पुण्याला परतताना गाडी सगळीकडे नीट लागली तरी बिल चुकतं करून निर्धास्त होऊ नये. परतीच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा आहे, चढ तुलनेने कमी आहे. पुढच्या भाड्याला माल भरून पुन्हा दक्षिणेकडे निघावं, घाट चढून उतरल्याबरोबर सुरूरला किल्ली काढावी, वीस मिनिटं चहा घ्यावा, आणि या खेपेला गाडी सपाट जागेवर लावावी.