पाटी, लाट आणि धारची वाट

देवास ते धार हे अंतर शंभर किलोमीटरांच्या आसपासचे. दोन्ही नगरे पवारांची, दोन्ही ठिकाणी मराठी माणूस अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी आला आणि तिथलाच झाला. आमचे घर देवासला, चामुंडेच्या टेकडीच्या सावलीत. आणि आमची आत्या धारला, राजवाड्याच्या बाजूच्या एका जुन्या वाड्यात. लहानपणी वडिलांचे बोट धरून आम्ही इंदूरला उतरत असू, तेथून दुसरी बस धरून दुपार टळता टळता धारला पोहोचत असू. आता दाराशी स्वतःची मोटार आहे, रस्ता गुळगुळीत झाला आहे, आणि जाणे मात्र तीन वर्षे झाले नव्हते. मागल्या फाल्गुनात आत्याचा फोन आला. "अरे बाळा, मी चौऱ्याऐंशीची झाले. डोळ्यांना दिसते आहे तोवर एकदा येऊन जा." त्या वाक्यानंतर आम्हांला सबब सापडेना.

अडचण एकच होती. मागच्या खेपेस इंदूरभोवतीच्या नव्या रस्त्यांत आणि पुलांत आम्ही असे काही हरवलो की ज्या चौकातून निघालो त्याच चौकात अर्ध्या तासाने परत आलो. फोनवरचा नकाशा पाहावा, तर पन्नाशी उलटलेल्या डोळ्यांना तो मुंगीच्या अक्षरांत दिसतो. अशा वेळी कपाटातील टॅब्लेटची आठवण झाली. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा आमच्या कन्येने तिच्यावर अकरावीचा अभ्यास केला होता. आमच्या घरी त्या यंत्राला पहिल्या दिवसापासून 'पाटी' म्हणतात. कन्या पुण्याला गेली आणि पाटी कपाटात, जुन्या दिवाळी अंकांखाली पडून राहिली. ती मोटारीच्या डॅशबोर्डात बसवावी, आणि ती आपल्या हातांनीच बसवावी, असे आम्ही ठरविले. वर्षानुवर्षे मुलांना स्वावलंबनाचे धडे देणाऱ्या हेडमास्तरांनी स्वतः एक स्क्रू पिळू नये, हे काही बरे दिसत नाही.

काम हाती घेण्यापूर्वी पुस्तक उघडावे ही आमची जुनी खोड. ज्या धारेला जायचे, त्या धारेच्या भोजराजाने अकराव्या शतकात 'समराङ्गणसूत्रधार' नावाचा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ रचला. सयाजीराव महाराजांच्या बडोद्याने तो गायकवाड ग्रंथमालेत १९२४-२५ च्या सुमारास, टी. गणपतिशास्त्री यांच्या संपादनाखाली, दोन भागांत प्रसिद्ध केला. त्यातील एकतिसावा अध्याय यंत्रांविषयी आहे. लाकडी पक्षी, आपोआप हालणाऱ्या बाहुल्या, पाण्याचे खेळ असे पुष्कळ काही त्यात आहे. पण आमचे लक्ष वेधले ते चांगल्या यंत्राच्या गुणांनी. सांधे घट्ट जुळलेले असावेत, कोठे ढिलाई नसावी, यंत्र हलके असावे, नको तेथे आवाज करू नये, अशा अर्थाची ती यादी आहे. यंत्रे कशी घडवावीत हे मात्र राजाने पूर्णपणे उघड केलेले नाही. ते अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी, असा खुलासाही तो करतो. आजचा काळ नेमका उलट. जो तो आपले कसब चित्रफितीत घालून जगाला दाखवितो. आम्ही दोन्हींचा लाभ घेतला आणि दोन्हींचे न ऐकल्याने दोनदा फसलो.

मोटारीच्या रेडिओसाठी डॅशबोर्डात जी खिडकी असते तिचे माप जगभर ठरून गेलेले आहे. मूळ जर्मन प्रमाणानुसार एका खणाची खिडकी १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच, आणि दोन खणांची १०० मिलिमीटर उंच. आमच्या गाडीत दोन खणांची खिडकी आहे. सात इंची पाटी त्या खिडकीहून बोटभर मोठी. म्हणजे ती आत शिरत नाही, वर टेकते. शेजारच्या सुताराकडून आम्ही पातळ लाकडाची चौकट करून घेतली. जुना रेडिओ फेकला नाही, कारण पाटीचा आवाज मोठा करून चारही कर्ण्यांपर्यंत पोहोचविण्याचे काम त्यालाच करायचे होते. त्याच्या तारा लांबवून त्याला डावीकडच्या कप्प्यात बसविले. देवास संस्थान तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या थोरल्या व धाकट्या पातींत वाटले गेले होते आणि दोन्ही दरबार एकाच गावात नांदत होते, हे वाचकांना ठाऊक असेलच. आमच्या सौ. म्हणाल्या, "तुमच्या गाडीतही दोन पाती झाल्या म्हणायच्या. थोरली समोर मिरवते आणि धाकटी कप्प्यात बसून काम करते."

विजेचे काम नाजूक. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची आणि पाटीला लागतात पाच. त्यासाठी मध्ये लहानसा परिवर्तक लागतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि जोडलेल्या तारेत फ्यूज घालावा, एवढे आम्ही पाळले. परंतु किल्ली काढल्यावर जी तार निर्जीव होते तिच्याऐवजी जी सदैव जिवंत असते तिला जोड दिला. चार दिवसांच्या सुटीनंतर गाडी हूं की चूं करीना. शाळेच्या वेळेला शेजारच्या तरुणांनी हेडमास्तरांची मोटार ढकलीत नेली, तो देखावा साऱ्या गल्लीने पाहिला. जोड बदलल्यावर दुसरा त्रास निघाला. गाडीचा वेग वाढविला की कर्ण्यांतून भुंग्यासारखी शीळ ऐकू येई. पाटीची वीज आणि रेडिओची वीज यांची जमिनीची वाट निरनिराळी पडली की असे होते. आवाजाच्या तारेत एक लहान विलगक घातला आणि भुंगा गेला. कुमार गंधर्वांनी १९४८ पासून १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत आमच्याच गावी वास्तव्य केले. त्यांचा सूर गाडीत लागावा आणि त्यावर भुंग्याची शीळ असावी, हे देवासकराने कसे सोसावे?

मोठी चूक पुढेच होती. ढिलाई नसावी हे वचन आम्ही इतके मनावर घेतले होते की पाटी चौकटीत चिकटवून कायमची पक्की केली होती. सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराने बजावलेही होते, "माट्साब, इसको पक्का मत करो, गर्मी में दिक्कत आएगी." आम्ही हसून सोडून दिले. मे महिन्यात काचा लावून उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत साठ अंशांच्या वर तापमान जाऊ शकते, आणि लिथियमच्या बॅटरीला चाळिशीपलीकडची उष्णता मानवत नाही. एके दुपारी पाहतो तो पाटीचा पडदा एका कडेने उचललेला. आतली बॅटरी पुरीसारखी फुगली होती. फुगलेली बॅटरी दाबावी वा टोचावी तर ती पेट घेऊ शकते. फोनवर कन्येचा आवाज कापत होता, "बाबा, तिला हात लावू नका. जाणकाराला बोलवा." जाणकार आला, त्याने चौकट कापून पाटी सोडविली, आणि बॅटरी बदलून दिली. त्या गाडीत आम्ही रोज शेजारच्या दोन मुलांना शाळेत नेत होतो, हे रात्री आठवले आणि झोप लागली नाही.

पावसाळ्यात नवी चौकट केली. हिला वरची बाजू मोकळी आहे. खाचेतून पाटी खाली सरकते, कडेच्या फोमच्या पट्ट्या तिला घट्ट धरतात, आणि उतरताना ती वर ओढून पिशवीत टाकता येते. शाळेतल्या लाकडी चौकटीच्या पाटीसारखीच ती आता आमच्याबरोबर ये-जा करते. ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहेत त्यांनी तिच्या झाकणावर काही बसवू नये व तारही त्यावरून नेऊ नये, एवढे येथे सांगून ठेवतो.

कार्तिकातल्या एका रविवारी पहाटे निघालो. इंदूरचा वळसा या वेळी बिनचूक पार पडला. बेटमा मागे पडले. दोन्ही बाजूंना नुकत्याच पेरलेल्या गव्हाची काळी राने, मधूनच हिरवा हरभरा. घाटाबिल्लोदच्या अलीकडे पाटी हिंदीतून काहीतरी बोलली. ते खरे की खोटे हे पाहण्यासाठी आम्ही मान वळवून पडद्याकडे पाहिले. "अहो, मूल!" सौ.ंची किंकाळी आणि आमचा ब्रेक एकदमच झाले. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, त्याच्या उंचीहून मोठी सायकल, आणि गाडीच्या नाकापासून हातभर अंतर. तो आमच्याकडे टक लावून पाहत होता, रडतही नव्हता. मग सायकल ढकलीत पलीकडे गेला.

गाडी कडेला घेऊन आम्ही किती वेळ बसलो होतो कोण जाणे. हात थरथरत होते. हिशेब शाळेतलाच आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर जाते. पडद्यावर दोन सेकंद नजर ठेवली तर तेहेतीस मीटर रस्ता आपण डोळे मिटून काटला. २०२० सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन नियमांत हातातल्या यंत्राला केवळ मार्गदर्शनापुरती मुभा आहे, आणि तीही चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने. हा नियम आम्ही प्रार्थनेच्या वेळी मुलांना वाचून दाखविलेला आहे. वाचून दाखविणाऱ्याने स्वतःला मुलांच्या रांगेत उभे केले नव्हते, एवढेच.

सौ.ंनी काही न बोलता पाटी खाचेतून काढून मांडीवर घेतली आणि तिचा आवाज बंद केला. "आता मी सांगते. तुम्ही समोर पाहा." पुढचा सारा प्रवास मराठीतून झाला. "पुढे पूल आहे, खाली चंबळ." "उजवीकडचा रस्ता सोडायचा." "सावकाश, शाळा आली." महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावलेली चंबळ घाटाबिल्लोदला अजून लहानच आहे. दक्षिणेकडे धार जिल्ह्यातलेच पीथमपूर. मोटारींच्या चाचणीसाठी तेथे ११.३ किलोमीटर परिघाचा धावमार्ग २०२१ साली सुरू झाला. गाड्या तेथे तपासून घेता येतात. चालविणाऱ्याची परीक्षा ज्या रस्त्यावर व्हायची त्यावरच होते.

धारला आधी लाट पाहिली. दिलावरखानाने १४०५ साली बांधलेल्या मशिदीला लाटेचेच नाव आहे. लोखंडाचा हा प्राचीन स्तंभ आता तुकड्यांत पडून आहे. तुकडे जोडून मोजले तर लांबी तेरा मीटरांवर जाते. शतकांची उन्हे-पावसाळे त्याने काढले. किल्ल्यावरून गाडी नेली. राघोबादादांच्या आनंदीबाईंनी याच किल्ल्यात आसरा घेतला आणि १७७५ मध्ये दुसरे बाजीराव येथे जन्मले. धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे काशीनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ साली जी शिळा उजेडात आणली तिचीही आठवण झाली. तेराव्या शतकातील मदन कवीचे 'पारिजातमञ्जरी' नाटक तीवर कोरलेले आहे. चार अंकांपैकी पहिले दोनच अंक हाती आले. उरलेल्या अंकांची शिळा मिळाली नाही. शिक्षणखात्यातल्याच एका मराठी माणसाने ही दगडी पाटी ओळखली, याचा आम्हांला अभिमान वाटतो. आणि अर्धे नाटक गेले, याची हळहळही.

आत्याचे गुडघे धरले आहेत. माडीवरून ती खाली उतरत नाही. पाटी आम्ही वर नेली. तिने ती मांडीवर घेऊन उलटसुलट पाहिली. "ही पाटी का? आणि पेन्सिल कुठे आहे हिची?" आम्ही धारचा नकाशा काढून दिला. वरून पाहिलेले गाव तिला काही केल्या उमगेना. मग मुंज तलावाचे पाणी दिसले. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "हा तलाव. म्हणजे हे अमक्यांचे घर." आणि बोट चालू लागले. या बोळाला वैद्यांचे नाव होते, तो वाडा फडणिसांचा, येथे हळदीकुंकवाला जात असू, येथल्या विहिरीचे पाणी गोड. नकाशात यांतले एकही नाव नव्हते. काही गल्ल्यांना नवी नावे आहेत, काहींना नाहीच. आत्याच्या गल्लीत आता मराठी घर तेवढे तिचेच उरले आहे. ती जुनी नावे आता तिच्या तोंडीच आहेत, दुसरीकडे कोठे नाहीत.

आम्ही पाटीवरचे ध्वनिमुद्रण सुरू केले. आत्या पाऊण तास बोलली. मध्येच थांबून म्हणाली, "हे सगळे राहते का हिच्यात?" राहते, असे आम्ही सांगितले. थोडा वेळ ती गप्प राहिली. लहानपणी आमची पाटी ओल्या फडक्याने पुसून देणारी आत्या ती. म्हणाली, "मग ही पाटी पुसू नकोस हो."

पाटी चौकटीत पक्की करून ठेवलेली असती, तर ती माडी चढली नसती.

देवासला परतल्यावर त्या मुद्रणाच्या दोन प्रती केल्या. एक कन्येकडे पुण्याला पाठविली, एक घरच्या कपाटात ठेवली. आता दर रविवारी एक पान याप्रमाणे ती नावे आम्ही वहीत उतरवीत आहोत. दोन जागा अजून जुळत नाहीत. त्या विचारायला माघात पुन्हा धारला जायचे आहे. पाटी सौ.ंच्या मांडीवर असेल.